माझा बाप, एक बोकड आणि सहा इंचांचा कान

माझ्या बापाने आयुष्यात कुणाला एक सूत जास्त दिलं नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा सुतापायी आमच्या बिटर स्प्रिंगमधली तीन घरं त्याच्याशी बोलत नव्हती, न्हावी त्याच्या मानेवर मुद्दाम गार पाणी मारायचा, आणि चर्चमध्ये तो ज्या बाकावर बसेल तो बाक हळूहळू रिकामा व्हायचा.

बापाचं नाव ऑल्टन ब्रेकी. शिंगं मोजणं हे त्याचं काम. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र भरपूर. वायोमिंगच्या या माळावर कुणी मोठा बोकड मारला की दोन महिने शिंगं वाळवायची आणि मग माझ्या बापाकडे घेऊन यायची. कागदोपत्री त्या जनावराला प्रॉन्गहॉर्न म्हणतात. आम्ही बोकड म्हणतो, आणि बोकडाला त्याचं काही वाटत नाही. बाप शिंगाची लांबी घेणार, चार ठिकाणी घेर घेणार, पुढच्या फाट्याची लांबी घेणार, डावं-उजवं जुळत नसेल तर तेवढं कापणार, आणि सगळी बेरीज ब्याऐंशी इंच भरली तरच माणसाचं नाव विक्रमांच्या पुस्तकात जाणार. नाही भरली तर शिंगं काखोटीला मारून घरी.

लायमन राउशचं उदाहरण घ्या. पेट्रोल पंप आहे त्याचा. त्याच्या बोकडाला बापाने तीन सूत कमी ठरवलं, त्या दिवसापासून लायमनने आमच्या गाडीची काच पुसणं सोडलं. बाकी सगळ्यांची पुसतो. आमची गाडी आली की फडकं खिशात घालतो आणि आभाळाकडे बघतो.

लायमन तरी परका. माझं काय? मी विशीची असताना पहिला मोठा बोकड मारला. बापाने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून मोजला. एक्क्याऐंशी इंच सात सूत. आई, देव तिला सुखी ठेवो, म्हणाली, "अहो, पोरीचा आहे. द्या की एक सूत." बाप म्हणाला, "सूत माझ्या खिशातलं असतं तर दिलं असतं." आणि हात धुऊन जेवायला बसला. वर रस्सा पण दोनदा घेतला! आज माझे केस पिकलेत, तरी ते आठवलं की मी भांडी आपटते.

आता लांबून जोखण्याबद्दल दोन शब्द सांगते, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. बोकड काही टेप घेऊन येत नाही. तो असतो पार तिकडे, सेजच्या झुडपांत, आणि आपण इकडे दुर्बिणीला डोळा लावून पालथे. मग मोजायचं कशाने? कानाने. बोकडाचा कान सहा इंच. शिंग अडीच कानांएवढं दिसलं तर जीव खाली-वर होतो. फाटा कानाच्या टोकाच्या वरून फुटला असेल तर आणखी बरं. देवाने बोकडाला कान दिले ते ऐकायला दिले असं इतर ठिकाणच्या लोकांना वाटतं. आमच्या गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे की ते मापासाठी दिलेत.

आणि एवढं करूनही बोकड आटतो. लांबून नव्वद वाटला तो जवळ गेल्यावर ऐंशी, आणि वाळल्यावर अठ्ठ्याहत्तर. माझा पहिला नवरा असाच. नाचाच्या हॉलमध्ये पलीकडच्या भिंतीला टेकून उभा होता तेव्हा मी त्याला नव्वदच्या घरात धरला होता. लग्नाला वर्ष होतंय तोवर सत्तरवर आला. दुसरा मी केलाच नाही.

तर माझा बाप. जन्मभर दुसऱ्यांची शिंगं मोजली, दुसऱ्यांची नावं पुस्तकाकडे पाठवली, स्वतःचं नाव एकदाही नाही. आमच्या पट्ट्यातला शिकारीचा परवाना चिठ्ठ्या टाकून देतात. बाप दरवर्षी अर्ज करायचा आणि दरवर्षी चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची निघायची. तो म्हातारा झाला, आई गेली, त्याचे डोळे गेले, आणि मग सरकारला त्याची आठवण झाली. या वर्षी चिठ्ठी त्याची निघाली.

डोळे गेले म्हणजे पूर्ण नाही. मधोमध काळा डाग पडलाय. ज्याच्याकडे बघेल नेमकं तेच दिसत नाही, आजूबाजूचं सगळं दिसतं. डॉक्टरने भिंतीवरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली तर म्हणाला, अक्षरं नाहीत, पण पाटीचा खिळा दोन सूत तिरका ठोकलाय. डॉक्टरने स्टूल घेऊन बघितलं. होता तिरका.

परवाना आला त्या दिवशी तो हातात धरून बाप बराच वेळ चुलीपाशी उभा राहिला. मग म्हणाला, "व्हर्ना, लोकांची नावं लिहून हात झिजला माझा. एकदा माझं लिहायचंय."

माझ्या बापाने जन्मात कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मीठसुद्धा उठून घेतो. मी म्हणाले, "लिहू की बाबा. त्यात काय." जसं काही पुस्तक माझ्या माहेरचं होतं!

आणि ऑगस्ट संपता संपता तो बोकड दिसला.

पहिल्यांदा लायमनला दिसला, पंपामागच्या टेकाडासमोर, माळावर. त्याने एका गिऱ्हाइकाच्या टाकीत नळी तशीच सोडली आणि दुर्बीण आणायला धावला. पेट्रोल रस्त्यावर, गिऱ्हाईक बोंबलतंय, आणि हा पालथा पडून म्हणतोय, "पावणेतीन कान! आई शप्पथ, पावणेतीन कान!" संध्याकाळपर्यंत अर्धं गाव त्या टेकाडावर पालथं होतं. कुणी म्हणालं पंच्याऐंशी, कुणी म्हणालं अठ्ठ्याऐंशी. न्हाव्याने नव्वद म्हटलं आणि स्वतःच घाबरला. तो बोकड होता पण आगाऊ. बाकीचे माणूस दिसला की वाऱ्यासारखे पळतात, हा पठ्ठ्या आडवा उभा राहून सगळ्यांना माप घेऊ देत होता. मान वळवून दोन्ही बाजू दाखवत होता. लोक म्हणाले, मोठ्यांची ऐटच वेगळी.

मीही बघितला. माझी नजर या गावात कुणापेक्षा कमी नाही, हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. शिंग पावणेतीन कान, फाटा कानाच्या टोकाच्या वर. मी घरी येऊन बापाला सांगितलं, "शहाऐंशी."

बापाने माझी उलटतपासणी घेतली. टेबलाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी, मध्ये थंड झालेली कॉफी.

"फाटा किती वर?"

"दोन बोटं."

"कुणाची बोटं?"

"माझी."

"तुझी बोटं तुझ्या आईवर गेलीत, बारीक आहेत. घेर?"

"कानाएवढा जाड दिसतो पायथ्याशी."

"कान समोरून बघितलास की बाजूने?"

"बाबा, मी सकाळपासून मुंग्यांत पडलेय. शहाऐंशी म्हणजे शहाऐंशी."

तो कोपऱ्यातल्या फ्रीजकडे बघत राहिला. म्हणजे मला बघत होता. "आटेल," म्हणाला. "चार आटला तरी ब्याऐंशी. भरतोय." आणि माझा बाप हसला. दात दाखवून हसला. त्याचा वरचा एक दात पडलाय हे मला त्या दिवशी कळलं.

हंगामाच्या पहिल्या सकाळी अख्खा गाव टेकाडावर. घडीच्या खुर्च्या, थर्मास, मिरचीचा रस्सा आणि दालचिनीचे पाव, सगळा थाट. दुसऱ्या कुणाचा परवाना असता तर लोक आले नसते. माझ्या बापाचा होता म्हणून आले. त्याचा बोकड आटावा, आणि तो आटताना आपण समोर असावं, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा. एकटी हेस्टर, आमच्या पोस्टातली बाई, खुर्चीत बसून हमसून हमसून रडत होती. कुणी विचारलं नाही. हेस्टर लग्नात रडते, मयतीत रडते, पार्सल फाटलं तरी रडते.

इथे गाईचा विषय काढावा लागेल. बोकडाला गाईचं भय वाटत नाही. म्हणून गाईचं सोंग घेऊन जवळ जायची आमच्याकडे रीत आहे. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर कॅनव्हास, आत दोन माणसं, एक पुढच्या पायात, एक मागच्या. कुशीला एक झडप, बंदुकीची नळी बाहेर काढायला. आमची गाय बापाने रंगवलेली. काळी-पांढरी, दुधाळ. या माळावर शंभर मैलांत तसली गाय नाही, पण रंग तेवढाच उरला होता.

"मी पुढे," बाप म्हणाला.

"बाबा, तुम्हाला समोरचं दिसत नाही."

"परवाना माझा आहे."

"म्हणून काय गाय विहिरीत घालायची?"

"व्हर्ना, मी ऑल्टन ब्रेकी आहे. मी अख्ख्या गावासमोर गाईच्या ढुंगणात शिरणार नाही."

खुर्चीतून लायमन ओरडला, "शिर रे ऑल्टन! तीन सूत कमी कर आणि शिर!" सगळं टेकाड खिदळलं. बापाचे कान लाल झाले. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, नाव पाहिजे ना पुस्तकात? मग वाका." तो वाकला. ऐंशीला टेकलेला म्हातारा, पण नावासाठी वाकला. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच खेकसले, "डावा पाय आधी!"

आम्ही निघालो. मी पुढे डावा टाकला की तो मागे डावा टाकायचा, आणि मधे बंदूक माझ्या पाठीला लागायची. वारा समोरून. मधे थांबून चरल्यासारखं करायचं असतं, म्हणून मी गाईचं डोकं झुडपात खुपसायची. मागून आवाज यायचा.

"काय करतोय तो?"

"बघतोय."

"मान कशी आहे?"

"वर. बाबा, माझ्या पायावर पाय देऊ नका."

"फाटा?"

"फाटा कुठे पळत नाही."

बोकड पळाला नाही. बोकड पुढे आला. मी गाय थांबवली. ते जनावर मुळात चौकस असतं, नवीन काही दिसलं की थोडं जवळ येऊन बघतं, हे मला ठाऊक होतं. पण हा थोडं जवळ येऊन थांबेना. चालत आला. सरळ, रस्ता ठाऊक असल्यासारखा. मी कुजबुजले, "बाबा, झडप उघडा, आडवा आला की नेम मी लावून देते." बापाने झडप उघडली, नळी सरसावली. आणि बोकडाने येऊन त्या झडपेतून डोकं आत घातलं.

गाईच्या पोटात आता आम्ही तिघं होतो.

बाप म्हणाला, "व्हर्ना, मागे वळून माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस."

"तो माझा नाही," मी म्हटलं.

बोकडाने बापाच्या शर्टाच्या खिशात तोंड घातलं, तंबाखूची पुडी दातांनी ओढून काढली आणि कचाकचा खायला लागला. माणसाने दुधाच्या बाटलीवर वाढवलेला बोकड लगेच ओळखू येतो, तंबाखूसाठी जीव टाकतो. आणि एका क्षणात मला कळलं हेस्टर का रडत होती, आणि ही बाई स्वतः तंबाखू न खाता दर शनिवारी दोन पुड्या का घेत होती. रानटी जनावर पाळायची परवानगी नाही, म्हणून मूग गिळून बसली होती बिचारी.

पण ते राहू दे. मला त्याचे कान दिसले. वीतभर अंतरावर होते. कानांना टोकंच नव्हती. मागच्या त्या भयंकर हिवाळ्यात गारठून गळून पडली होती, दोन्हीकडची, सारखी, जशी कात्रीने गोल कापावी. कान पाच इंचांचा होता. अख्खा गाव महिनाभर पालथा पडून पाच इंचांच्या कानाने शिंगं मोजत होता. आणि मीही. माझी नजर, जी गावात कुणापेक्षा कमी नाही!

मागे वाकलेला माझा बाप होता, हसरा, एक दात पडलेला.

"शहाऐंशी आहे ना गं?" त्याने विचारलं.

मी गाईचं डोकं उगाच झुडपात खुपसलं.

बापाने बंदूक गवतात ठेवली. "एकच गोळी आणि एकच परवाना," म्हणाला. "मोजून मारतो. अशी संधी कुणाला मिळाली नाही." आणि त्याने पॅन्टच्या खिशातून ती पोलादी फीत काढली. जिवंत बोकड तंबाखू चघळत उभा, आणि माझा बाप त्याच्या शिंगांवर हात फिरवतोय. मुळापासून टोकापर्यंत, फाट्यावरून खाली. मग फीत लावली. आकडे त्याला दिसत नव्हते.

"वाच," म्हणाला.

फीत लांबीवर होती. साडेतेरा इंच. मी वाचलं, "सोळा इंच, दोन सूत."

मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं. एकदा आलं म्हणजे पुढचं थांबत नाही. त्याने दुसऱ्या शिंगाला फीत लावली, मी म्हटलं, "सोळा, एक सूत." थोडा फरक ठेवला, खरं वाटावं म्हणून. पायथ्याचा घेर होता सहाला थोडा कमी. मी म्हटलं, "सात." फाटा होता पाच, मी म्हटलं, "सहा, दोन सूत." तो घेर घेत गेला, मी फेकत गेले. त्याचे ओठ हलत होते, बेरीज चालली होती. बोकडाने पुडीचा कागदही खाल्ला.

"शहाऐंशी, तीन सूत," बाप शेवटी म्हणाला.

"मी म्हटलं होतं ना," मी म्हटलं.

बापाचा हात अजून शिंगाच्या मुळाशी होता, मूठ वळलेली. मग म्हणाला, "कार्टे, माझा अंगठा मधल्या बोटाला टेकतोय."

मी बघितलं. टेकत होता.

"सात इंचांच्या शिंगावर माझी बोटं आयुष्यात कधी टेकली नाहीत. बोटभर फट राहते."

"बाबा..."

"ही शिंगं चौऱ्याहत्तर भरतील. ओढूनताणून."

मला वाटलं आता हा मला गाईच्या बाहेर ढकलून देईल. जो माणूस बायकोच्या सांगण्यावरून पोटच्या पोरीला एक सूत देत नाही, त्याला मी बारा इंच दिले होते. मी म्हटलं, "कान गळालेत त्याचे बाबा. मला लांबून दिसलं नाही. तुमचं नाव जावं म्हणून मी..."

बाप वाकलेलाच होता. त्याने बोकडाच्या कानाचं तुटकं टोक चाचपलं, एकदा, दोनदा. मग फीत पुन्हा शिंगाच्या मुळाशी लावली.

"पुन्हा वाच," म्हणाला. "पहिल्यापासून. घाई करू नकोस."

मी पुन्हा वाचलं. सोळा, दोन सूत. सोळा, एक सूत. सात. तो प्रत्येक आकड्याला मान डोलवत होता. डोळे मिटले होते. एका ठिकाणी मी चुकले, साडेसहा म्हटलं, तर म्हणाला, "मघाशी सहा सात होतं." म्हणजे सहा इंच सात सूत. मी म्हटलं, "हो, सहा सात." शेवटी त्याने बेरीज केली, मोठ्याने, एकेक आकडा नीट उच्चारत, शाळेत बक्षीस घ्यायला जाताना पोरं नाव सांगतात तशी.

मग त्याने फीत गुंडाळली आणि बोकडाच्या कपाळावर थाप मारली. "जा रे. हेस्टरला म्हणावं, तंबाखू कमी कर, दात खराब होतात." बोकडाने झडपेतून डोकं काढलं, अंग झटकलं आणि निघून गेला. मेला चालतच गेला.

"दुसरा बघायचा?" मी विचारलं. "हंगाम आहे अजून."

"माझी कंबर बघ आधी. धरलीय."

म्हणजे संपलं. मला कळलं, त्यालाही.

टेकाडावर आलो तेव्हा गाव आधीच पिसाळला होता. त्यांना दुर्बिणीतून काय दिसलं असेल याची कल्पना करा. गावाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बोकड काळ्या-पांढऱ्या गाईपाशी गेला, तिच्या पोटाला लागून दूध प्यायला आणि तृप्त होऊन निघून गेला. न्हावी छातीवर पुन्हा पुन्हा क्रॉसची खूण करत होता. हेस्टर मात्र रडायची थांबली होती आणि दालचिनीचा पाव खात होती.

"गोळी का नाही झाडलीस?" लायमन अंगावर आला.

"मोजला," बाप म्हणाला. तो अजून गाईच्या मागच्या पायांत उभा होता. "चौऱ्याहत्तर."

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"चौऱ्याहत्तर? पावणेतीन कान आहे तो!"

"कान गळालेत त्याचे," मी ओरडले. "थंडीने! पाच इंचांचे आहेत!"

"कान सहा इंचांचाच असतो!" न्हावी किंचाळला. "कान काय खोटं बोलेल?"

"फीत लावली मी," बाप म्हणाला.

"जळली तुझी फीत! आम्ही डोळ्यांनी बघितलाय!"

"शहाऐंशी आहे!"

"अठ्ठ्याऐंशी!"

आणि मग लायमन, ज्याने इतकी वर्षं आमची काच पुसली नाही, तो माझ्या बापासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "अरे, तू माणूस आहेस की कोण? आमचे इंच कापलेस, कापलेस. आता स्वतःचेही कापतोस? देवाने आयुष्यात एकदा तुझ्या पुढ्यात आणून ठेवला, आणि तिथेही बारा इंच कमी?"

"चौऱ्याहत्तर," बाप म्हणाला.

"ऐंशी तरी दे!"

"चौऱ्याहत्तर."

"ब्याऐंशी दे आणि मिटव!" मागून कुणीतरी ओरडलं. जी घरं बापाशी बोलत नव्हती त्यांतलाच होता तो. "पुस्तकात जाऊ दे म्हाताऱ्याचं नाव!"

"अठ्ठ्याहत्तर, शेवटचं!" न्हावी म्हणाला. मासळी बाजार झाला नुसता. जी माणसं माझ्या बापाचा बोकड आटलेला बघायला पहाटेपासून बसली होती, ती आता त्याच्या एकेका इंचासाठी त्याच्याशीच भांडत होती. मी इतकी वर्षं या लोकांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता त्यांना मिठी मारावी की बंदुकीच्या दस्त्याने झोडपावं, कळेना.

लायमनने बापाची कॉलर धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच पाणी. "ऑल्टन, आम्हाला नाही दिलंस, ठीक. पण स्वतःला दे की रे. एकदा तरी दे!"

बापाने त्याची मनगटं हळूच सोडवली. मग माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत म्हणाला, "घेतलं की रे, लायमन. आत दोनदा घेतलं. पोट भरलं माझं."

कुणाला काही कळलं नाही. मी तिथेच बसले आणि हेस्टरहून मोठ्याने रडले.